दगडाखालचा किडा

कृष्णात शिवाजी पेठेतला शिंपी. हट्टी असा, की सदरा आखूड झाला तर गिऱ्हाईकच वाढलंय म्हणणार. म्हातारपणी त्याला आणि शेजारच्या गल्लीतल्या शशिधर किराणावाल्याला एकदमच फ्लाय फिशिंगचा नाद लागला. गळाला गांडूळ लावायचं नाही, कोंबड्याचं पीस दोऱ्यानं गळावर बांधून खोटा किडा करायचा आणि माशाला फसवायचं. दर रविवारी दोघं एकाच स्कूटरवरनं भोगावती नदीवर जायचे.

भांडण लागलं ते किड्यावरनं. कृष्णात घरच्या ट्यूबलाइटवर येणारी पाखरं बघून हुबेहूब तशीच बांधायचा. शिंप्याचा हात, कामात खोट नाही. पण मासा ढुंकून बघेल तर शपथ! शशिधर म्हणाला, तुझ्या घरातलं पाखरू नदीतल्या माशानं कधी बघितलंय? पंख फुटल्यावर नदीतला किडा एक-दोन दिवस जगतो, त्याआधी कितीतरी महिने दगडाखाली रांगतो, मासा तोच खातो. बरोबर बोलला, पण चहाच्या गाड्यावर, चार माणसांत बोलला. झालं! कृष्णातच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तू साखर जोख, मला शिकवू नगंस, म्हणाला आणि बोलणं बंद केलं ते केलंच.

दोन वर्षं गेली. नदीवर येणं मात्र कुणी सोडलं नाही. हा ह्या काठाला, तो त्या काठाला. शशिधर घोटाभर पाण्यात वाकून दगड उलटे करायचा, निरखायचा, मासा धरायचा आणि सोडून द्यायचा. कृष्णात रिकाम्या हातानं परत यायचा. बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरात बोलायला भिंती. पलीकडं शशिधरची पांढरी टोपी दिसली की त्याला बरं वाटायचं, पण हे कबूल कोण करणार?

डिसेंबरात टोपी दिसेनाशी झाली. पहिल्या रविवारी वाटलं, लग्नाला गेला असेल. दुसऱ्या रविवारी वाटलं, तापबिप असेल. गल्लीत जाऊन विचारायचं म्हणजे हार खायची, म्हणून विचारलं नाही. तिसऱ्या रविवारी मात्र नदी खायला उठली. कृष्णात पूल ओलांडून त्या काठाला गेला आणि वाकून पहिला दगड उलटा केला.

खाली चपटा, भुरा, तीन शेपट्यांचा किडा चिकटला होता. बाजूला एक अळी, वाळूच्या कणांची नळी अंगाभोवती करून बसलेली. ट्यूबलाइटवर असलं काही कधी आलंच नव्हतं. तिथंच बसून त्यानं भुऱ्या दोऱ्याचा चपटा किडा बांधला आणि बुडू दिला. तिसऱ्या फेकीला वीतभर महसीर लागला.

"शशी!" तो ओरडला.

ऐकायला कोण होतं? त्यानं मासा सोडला आणि तडक शशिधरचं घर गाठलं. दाराला कुलूप. वरच्या मजल्यावरची बनाबाई जिन्यात आली. लकवा मारला म्हणाली, लेक रक्षिता गदगला घेऊन गेली, आता काय माघारी यायचा न्हाई.

"मला कुणी सांगितलं न्हाई?"

"तुमचं बोलणं बंद हाय, सगळ्या पेठंला म्हाईत हाय की," बनाबाई म्हणाली. "कोण सांगणार?"

तिनंच नंबर लावून दिला. रक्षितानं कृष्णातकाकांना ओळखलं. अप्पांना ऐकू येतं, बोलता येत नाही, म्हणाली, आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

"शशी, तुझंच खरं," कृष्णात म्हणाला. "तीन शेपट्याचा हाय. दगडाखालीच हाय. मासा लागला बघ." चार माणसांत नाही, तरी बनाबाईसमोर म्हणाला. पलीकडून नुसता श्वास येत होता. म्हटलं न्हवतं का, एवढं तरी तो म्हणेल म्हणून कृष्णात थांबला. दोन वर्षं आपणच बोललो नाही आणि आता त्याचं बोलणंच गेलं, हे त्याला तेव्हा कळलं.

"एक शिवी तरी दे की," तो म्हणाला, आणि फोन कानाला धरून पायरीवरच बसला.