मी शे ना

वांग्यांची देठं अजून हिरवी होती, काटे ताठ... तानुबाईनं पदरातून काढून ती चार वांगी टेबलावर, थेट आरमारी टोपीशेजारी ठेवली, आणि पंडितला पहिली चीड आली ती त्या काट्यांची. टोपीला ओरखडा गेला तर? चव्वेचाळीस सालातली ही पहिली रजा, धुळ्यात आठ दिवस निवांत पडावं म्हटलं, तर ही पीडा! पुढल्या महिन्यात जज-ॲडव्होकेटची जागा – आरमाराच्या कोर्टाला कायदा सांगणारा माणूस, आणि तो मी, पिंपळनेरचा! – आणि समोर ही बाई. झुलाल खलाशाची आई.

"भाऊ," ती म्हणाली, "मना पोऱ्यानी लिखेल शे. तुम्ही कोठडीमा त्याले सांगं व्हतं, बठ्ठं सांगी टाक, मी शे ना. इतलंच कागदवर लिखी द्या. वकील म्हने, तेवढावर तो सुटी जाई."

झुलालचा वकील मूर्ख नव्हता तर. भरवसा देऊन काढलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही; तो कागद लिहिला तर झुलालची सात वर्षांची शिक्षा जाईल आणि माझी वीस वर्षांची नोकरीही. जहाजावरच्या तोफेची किल्ली समुद्रात कुणी फेकली, हे सहा खलाशांपैकी एकही सांगेना; गोरे अधिकारी चार दिवस ओरडून थकले; मग फिर्यादीचा वकील पंडित एकटा आत गेला, टोपी काढून जमिनीवर बसला आणि म्हणाला, "कोनता गावना रे तू?" – बस्स! झुलाल ढसाढसा रडला. बावळट कुठला, आपली बोली कानावर पडली नि सगळं ओकला... पण 'मी शे ना', मी आहे ना, हे तरी मला कुठून सुचलं? प्लेगच्या साली, गावाबाहेरच्या झोपडीत, तापानं फणफणलेल्या पंडितच्या कपाळावर हात ठेवून आई तेच म्हणत बसायची.

"बाई," तो शुद्ध मराठीत, सावकाश म्हणाला, "मला तुमची बोली समजत नाही."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती ओशाळली, जणू चूक तिचीच होती, आणि कधीतरी मास्तरांच्या तोंडून ऐकलेलं आठवत एकेक शब्द जुळवू लागली, "माझ्या... मुलाला... सोडवा."

"ते कायद्यात बसत नाही."

ती उठली. दारात सवयीनं म्हणाली, "कवळा शेतस. भरीत करा." आणि गेली.

त्यानं टोपी उचलून निरखली. ओरखडा नव्हता. सुटलो एकदाचा!... कपाळ मात्र तापल्यासारखं वाटत होतं, माघातल्या थंडीत, उगाचच. त्यानं डोळे मिटले. नेहमीसारखी आई आली, तोच खरखरीत हात, ओठ हलले, मी शे ना... पण आवाज तिचा नव्हता. कोठडीतला होता – गोड, समजूतदार, माझाच. घाबरून त्यानं आईचा आवाज पुन्हा आठवून पाहिला. पुन्हा तोच बोलला.