मारांगच्या मुखाशी अडलेलं शीड

मोक सेलामाहच्या नावेला तीन माणसं लागत. एक सुकाणूवर, एक शिडाच्या दोरापाशी आणि तिसरं खाली येणारं शीड कवेत घ्यायला. तिसरं नसलं की शीड मन मानेल तिथं पडतं, कधी सुकाणूवाल्याच्या डोक्यावर, कधी पाण्यात. भर समुद्रात पडलं तर शिव्या देत काढता येतं. पण मारांग नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि त्याच्यावर लाटा फुटतात. तिथं पडलेलं शीड काढायला माणूस उरत नाही.

तिसरं माणूस म्हणजे तिचा नवरा, पोक एम्बोंग. त्याचा खांदा निखळला आणि तो ओसरीवर बसून जाळी विणायला आणि सल्ले द्यायला लागला. पावसाळी वारे सुटायच्या आत बेटावरचा सुका मासा आणणं भाग होतं. एम्बोंगचा भाऊ तालिब धक्क्यावर म्हणाला, "वहिनी, माझा एक माणूस न्या."

नेला असता तर अख्खा पावसाळा बाजारात ऐकावं लागलं असतं, तालिबचा माणूस होता म्हणून वाचली बाई. सेलामाह म्हणाली, "माझ्या घरात जावई आहे. खातो दोघांचं, कामही दोघांचं करेल."

जावई जुसोह आतल्या भातखाचरांकडचा. तिकडच्या रीतीप्रमाणे लग्नानंतर सासूच्या घरी राहायला आलेला, आणि तेव्हापासून नावेचं सुकाणू त्याच्याकडे. बोलणं कमी, आणि बोलला तर सासूला आवडेल असं कधीच नाही. "आपण दोघंच आहोत तर शिडाला झोळी बांधू या, मोक," तो म्हणाला. त्या किनाऱ्यावर थोरल्या बाईला मोक म्हणतात, थोरल्या पुरुषाला पोक.

"झोळी? मग अंगाईही म्हण."

त्यानं ऐकून घेतलं आणि बांधली. डोलकाठीवर उंच, डावी-उजवीकडे एकेक कप्पी. तिच्यातून ओवलेल्या दोराचे दोन फाटे करून ते शिडाच्या खालच्या आडव्या काठीला बांधले. शीड सोडलं की ते वरच्या काठीसकट या दोन बाजूंच्या दोरांमधून उतरणार आणि त्यांच्यातच पडून राहणार. दोरांची टोकं डोलकाठीच्या पायाशी दोन खुंट्यांना, ओढताच सुटतील अशा फासानं.

"लोंबतात किती. ताणता येत नाहीत?"

"ताणले तर वरची काठी मधून उतरायची नाही. शिवाय दोर नवा आहे. भिजला की आखडतो."

"ऐका. भाताच्या पेंढ्या बांधणारा मला दोर शिकवतोय."

निघताना सगळा धक्का बघत होता. तालिब ओरडला, "वहिनी, जावयानं कपडे वाळत घालायची सोय केली वाटतं." लोक हसले. सेलामाहचं तोंड बाजारात कुणाला हार जात नसे, पण त्या वेळी तिला काही सुचलं नाही. ते न सुचणं तिला बेटापर्यंत टोचत राहिलं.

परतीच्या वाटेवर किनाऱ्याचे माड दिसू लागले. नावेत सुक्या माशांच्या पाट्या, मागे सुकाणूवर जुसोह, पुढे डोलकाठीच्या पायाशी ती. मध्ये भरलेलं शीड, त्यामुळे त्याला ती दिसत नव्हती आणि तिला तो. दोर वाऱ्यावर फडफडत होते, एखाद्या गबाळ्या बाईच्या सुटलेल्या केसांसारखे. धक्क्यावर तालिब असणारच. तिनं दोन्ही फास सोडले, दोर सरळ होईतो ओढले आणि खुंट्यांवर आपली पाट्यांची गाठ मारली. ती गाठ बाजारात प्रसिद्ध होती. गिऱ्हाइकं ती सोडवायच्या भानगडीत पडत नसत, घरी जाऊन सुरीनं कापत. आता कसं, माणसाच्या नावेसारखी नाव दिसू लागली.

मग ईशान्येकडून पाऊस आला. आडवा, टोचणारा. वारा वाढला आणि मुखाशी दांड्यावर पांढरं उसळताना दिसू लागलं.

शिडामागून जुसोहचा आवाज आला, "मोक, मोठं शीड घेऊन आत जायचं नाही, नाव उलटेल. मी नावेचं तोंड वाऱ्याकडे फिरवतो. म्हणेन तेव्हा शीड सोडा. मग पुढच्या लहान शिडावर आत शिरू."

"माहीत आहे मला."

नाव फिरली. शीड फडाफडा वाजू लागलं. "सोडा," तो म्हणाला. तिनं सोडलं. शीड निम्मं खाली आलं आणि थांबलं. वरच्या काठीचं टोक डाव्या दोरात अडकून बसलं होतं. दोर असा ताठ की पावसाचे थेंब त्यावरून उडत होते.

आता निम्म्या शिडावरून तिला जावयाचा चेहरा दिसला. तो घाबरलेला नव्हता, अजून.

"डाव्या खुंटीवर दोराचं टोक लोंबत असेल. ते ओढा. फास आहे, लगेच सुटेल."

तिनं खुंटीकडे पाहिलं. टोक कुठलं लोंबतंय. तिची गाठ भिजून चिंचोक्यासारखी टणक झाली होती. तिनं नखं घातली. एक नख मुळापासून उचकटलं. दात लावले, तोंडात खारं पाणी आलं, गाठ हलली नाही.

"सापडलं का?"

"शोधतेय."

नाव आडवी होऊन मागे सरकत होती. जुसोहच्या पाठीमागे दांडा जवळ येत होता, आणि लाट फुटली की तिचा आवाज फळ्यांमधून पायांत चढत होता. तो वळून बघत नव्हता. तो तिच्याकडेच बघत होता, सासूच्या हाताला आत्ता टोक लागेल या भरवशावर. हा भरवसा तिला सहन होईना. शिवी दिली असती तर परतवता आली असती.

"टोक नाही," ती म्हणाली.

"काय?"

"टोक नाही रे. फास मी सोडला. ताणून माझी गाठ मारलीय."

एक लाट नावेखालून गेली. जुसोहनं एकदा वर अडकलेल्या काठीकडे पाहिलं, एकदा मागे दांड्याकडे.

"सुरी आहे?"

"कमरेला."

"डावा दोर कापा. फक्त डावा. उजव्याला हात लावायचा नाही, तो उजवीकडचं धरेल. डाव्या अंगाचं शीड पाण्याकडे सुटेल, ते तुम्ही धरायचं."

"एवढं मोठं शीड मी धरू?"

"अंगाखाली घ्या. पोटावर पडा त्याच्यावर. एक कोपरा पाण्यात गेला तर नाव तिथंच खिळेल, आणि मग आपण दोघंही गेलो. कळलं?"

या सुरात तिच्याशी तिचा बापही बोलला नव्हता. "कळलं," ती म्हणाली.

सुरी मासे कापायची, धार उत्तम. दोन ओढीत दोर तुटला आणि सापासारखा वर पळाला. वरची काठी धाडकन खाली आली, तिच्या कानाजवळून. मागोमाग भिजलेलं कापड, जड, थंड, डाव्या काठावरून पाण्याकडे निसटायला लागलेलं. सेलामाहनं त्यावर अंग टाकलं. कमरेचा सारोंग गुडघ्यावर गेला, डोक्यावरचं वस्त्र उडालं, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. ओढ, खाली घे, ओढ, खाली घे. एक चुणी हातातून सुटली ती तिनं दातांत धरली.

"आलं सगळं?"

तिनं तोंडातलं कापड न सोडता हुंकार दिला.

नाव वळली. तिला काही दिसत नव्हतं. नाक शिडात, डोळे मिटलेले, सगळं जग कानांत. पुढचं लहान शीड भरल्याचा फट् आवाज. मागून उंच होत येणारी गुरगुर.

"ही लाट नाही," जुसोह म्हणाला. "जाऊ दे हिला. हीही नाही."

मागची बाजू उचलली गेली, खाली बसली. पाट्या सरकून तिच्या पायांवर आदळल्या.

"आता. धरून राहा, मोक."

नाव धावली. खालून वाळूनं तळ खरवडला, एकदा, मग पुन्हा, लांब, आणि सेलामाहनं अल्लाहचं नाव घेतलं, तेही कापडातच. मागून पाणी आलं आणि तिच्या पाठीवरून गेलं. तिची बोटं हलली नाहीत.

मग आवाज मागे पडला. पाणी सपाट झालं. पाऊस नदीवर पडतो तसा नुसता पडत राहिला.

धक्क्यावर तालिब होताच, आणखी चारजण होते. त्यानं तुटका दोर पाहिला, शिडावर पालथी पडलेली वहिनी पाहिली. "तुटली का जावयाची झोळी? म्हटलं होतं, माझा माणूस न्या."

जुसोहनं नाव बांधायला घेतली. त्यानं मान वर केली नाही.

सेलामाहनं तोंडातलं कापड थुंकलं. "झोळी चांगली होती. मी तिला गाठ मारली म्हणून अडली. मग यानं दोघांना आत आणलं. आता बघत काय उभा आहेस, भावजी, पाट्या उतरव, मासा भिजतोय."

तालिब पाटी उचलायला वाकला.

जुसोह तिच्यापाशी येऊन उकिडवा बसला. "मोक, सोडा आता. शीड घडी करतो."

"कधीची सोडतेय," ती हळू आवाजात म्हणाली. "बोटं उघडत नाहीत."

त्यानं तिचा हात हातात घेतला आणि करंगळीपासून सुरुवात केली.