जस्ताचा ठसा

तिसऱ्यांदाही नळी गढूळ झाली. सरांनी ती उजेडासमोर धरली, हलवली आणि परत स्टँडमध्ये ठेवली.

नळीत माझे जीवाणू होते; ते वाढले की नळी गढूळ होते, मेले की स्वच्छ राहते. जीवाणूला जगायला जस्त लागतं. कणभर कमी पडलं तर उपासमार, कणभर जास्त झालं तर विष. म्हणून तो बिचारा सतत मोजत बसतो. कमी पडलं की आत ओढणारा पंप चालू, जास्त झालं की बाहेर फेकणारा. बाळंतपणाच्या रजेआधी मी एका जातीचा आत ओढणारा पंपच काढून टाकला होता. जस्त काढलेल्या द्रवात ती जात उपाशी मेली. पंप शाबूत असलेली मात्र कुठूनकुठून कण गोळा करून तगली. म्हणजे हा एक पंप अडवला की जीवाणू अडला! माझं सगळं संशोधन एवढ्यावर उभं होतं. आणि आता, रजेवरून परत आल्यावर, उपाशी मरायला हवे होते ते टुणटुणीत वाढत होते.

"रजेआधीचा निकालच चुकला असेल," सर शेवटी म्हणाले. "शुक्रवारच्या बैठकीत तसं सांगून टाकू. पुढचं काम हा बघेल."

हा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा लंबू. त्याला बिचाऱ्याला माझी दया आली, तेच वाईट.

"अगं, झोप तरी होते का तुझी? परवा फ्रीजमध्ये पेन ठेवलं होतंस."

"पेन ठेवलं होतं. जस्त नाही."

घरी मुंगी रडत होती. मुंगी म्हणजे माझी आठ महिन्यांची लेक. जिथे पोचेल तिथे चिकटते, म्हणून मुंगी. मांड्यांवर लाल चट्टे उठले होते, नुसतं फडकं लागलं तरी कळवळायची. मी फुंकर घालत मलम लावलं आणि नवऱ्याला सगळं सांगितलं.

"मग देऊन टाक ना. थोडे दिवसच."

"काय देऊन टाकू?"

"काम गं."

"आणि मुंगीलाही देऊन टाकू का कुणाला? थोडे दिवसच?"

तो धुतलेली दुपटी आणायला गेला.

बुधवारी सकाळी हातमोजे घ्यायला खोक्याकडे गेले, तर खोक्याच्या तोंडाशी पांढरा ठसा दिसला. अंगठ्याचा. ओल्या कागदाने पुसला, पण पाण्याचे थेंब त्याच्यावरून घरंगळून गेले. मी अंगठा त्याच्याशेजारी धरला. माझाच. नखाच्या कडेला अजून पांढरं होतं.

मलम! त्याच्या ट्यूबवर ठळक लिहिलेलं असतं, झिंक ऑक्साइड. म्हणजे जस्तच. मी जस्तावर काम करणारी बाई, रोज सकाळी ते बोटांनी थापते, साबणाने हात धुते आणि निघते. ते काही साबणाला दाद देत नाही. त्याच बोटांनी हातमोजे बाहेरून ओढायचे, त्याच हातमोज्यांनी नळ्यांची झाकणं उघडायची. एवढं जस्त असलं की पंप नसला तरी ते आत झिरपतंच; उपाशी ठेवलेल्यांना मीच रोज घास भरवत होते.

आधी हसू आलं, मग घाम फुटला. हे सांगितलं की सगळे म्हणणार, बघा, म्हटलं नव्हतं? नुसता खोका बदलला असता तरी भागलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता. चहा गार होईपर्यंत तसं ठरवूनही झालं होतं. पण मग मुंगीच्या मलमाची मला लाज वाटल्यासारखं झालं असतं. उठले आणि सरांकडे गेले.

"म्हणजे घर कामावर आलं," सर म्हणाले.

"हो. लंबूच्या कोंड्याच्या शाम्पूतही जस्त असतं, सर. तो डोकं नळीत घालत नाही, एवढंच."

"ए!" बाहेरून लंबू ओरडला.

"बरं, मलम बंद कर. नाहीतर नळ्या त्याला भरू दे."

"मलम का बंद करू? पोरीची आग होते. मी हातमोजे घालायची पद्धत बदलते. आणि नळ्या मीच भरणार, ह्याच हातांनी. नंबर लंबू टाकेल आणि कुठल्या नळीत मलम घातलं ते मला सांगणार नाही."

नखं मुळापर्यंत कापली, नव्या खोक्यातून चिमट्याने हातमोज्यांची एक जोडी काढून घातली. वरची दुसरी जोडी लंबूने कड धरून माझ्या हातांवर चढवली.

"अंगठी घालणाऱ्या नवरदेवासारखं वाटतंय," तो म्हणाला.

"गप रे. हलू नकोस."

जस्त काढलेल्या द्रवाच्या सहा नळ्या भरल्या, सगळ्यांत पंप नसलेली जात. मग लंबूने मला बाहेर काढलं. तीन नळ्यांत मलमाचं बोट बुडवलेलं पाणी थेंबभर घातलं, उरलेल्या तिन्हींत साधं शुद्ध पाणी, आणि कुठल्या कुठल्या ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं.

गुरुवारी मी नळ्या उजेडात धरल्या. "दोन, तीन, पाच गढूळ. एक, चार, सहा स्वच्छ."

लंबूने चिठ्ठी उलगडली, दोनदा वाचली. "दोन, तीन, पाच," तो म्हणाला. "मलम." आणि पहिल्यांदाच माझ्याकडे दयेने न बघता बघितलं.

सरांनी नळ्या स्वतः पाहिल्या. "ठीक आहे. बैठकीत 'बाहेरून जस्त आलं' एवढंच म्हण. मलमाचं नको. लोक हसतील."

"हसू देत."

शुक्रवारी मी सगळं सांगितलं. चट्टे, मलम, अंगठा. लोक हसले, चांगले पोट धरून. मागून कुणीतरी म्हणालं, "मग बाळ मोठं होईपर्यंत तरी..."

"बाळ मोठं होत राहील," मी म्हणाले. "आत्तापर्यंत तुमच्यापैकी कितीजणांच्या नळ्यांत काय काय पडलंय, ते तुम्हालाही माहीत नाही. माझ्या नळ्यांत काय पडलं होतं ते मला कळलंय. रजेआधीचा निकाल बरोबर होता. पुढचं काम मी करते आहे."

मी सरांकडे बघितलं. अख्खी खोली सरांकडे बघत होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"आकडे दाखव," ते म्हणाले.

मी दाखवले.