बारा जणांची सरासरी

अर्डिथ साइझमोर शाळेची बस चालवायची. एकवीस वर्षं चालवली आणि एकदाही ओढ्यात घातली नाही, हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची. आमच्या मधुमेहावरच्या संशोधन-अभ्यासात आली तेव्हा ती एकोणसाठ वर्षांची होती. वजन दोनशे चौदा पौंड, आणि शुगर सात वर्षं जुनी.

त्या अभ्यासाची नर्स मी. माझं नाव डेल्फिया कोम्ब्स. वजनं घ्यायची, रक्त काढायचं, फॉर्म भरायचे आणि लोक मधेच सोडून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या मागे लागायचं, हे माझं काम.

अभ्यास डॉ. लीलंड स्टॅम्परचा. लीलंड आमच्याच डोंगरातला. त्याची आई माझ्या वर्गात होती, शुगरनं आधी तिचा पाय गेला आणि मग ती गेली. लीलंड शहरात शिकला, डॉक्टर झाला आणि परत आला, आणि आमच्याकडे परत येणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. विद्यापीठानं त्याला एक पायलट अनुदान दिलं होतं. पायलट म्हणजे चाचपणीपुरतं, एका वर्षाचं, थोड्या माणसांवरचं. त्यात काही आशा दिसली तर त्या आकड्यांच्या जोरावर मोठं, पाच वर्षांचं अनुदान मागायचं. नाही दिसली तर संपलं.

त्याची कल्पना साधी होती. औषधं तीच, अन्न तेच, फक्त दिवसाचं सगळं खाणं दुपारी चारच्या आत उरकायचं. सोळा आठवडे. माणसं बारा.

"चारला जेवून घ्यायचं म्हणजे मी काय कोंबडी आहे?" वुडरो म्हणाला होता. खाणीतून निवृत्त झालेला माणूस, संध्याकाळी बीन्स आणि मक्याची पोळी पोटभर खाल्ल्याशिवाय त्याला झोप येत नसे.

"कोंबडी निदान अंडं तरी देते," अर्डिथ म्हणाली. सगळे हसले. त्या दिवसापासून ती त्या बाराजणांची म्होरकी झाली.

दर मंगळवारी सकाळी आरोग्य केंद्रात वजनं व्हायची. बाकीच्यांचं पौंड-अर्धा पौंड खालीवर. एक बाई तर दोन पौंड वाढून आली आणि वजनकाट्यालाच दोष देत बसली. अर्डिथचा काटा मात्र दर आठवड्याला खाली. चौथ्या आठवड्यात सात पौंड, सातव्यात चौदा. लोक टाळ्या वाजवायला लागले. पँट कमरेशी मुठीत धरून ती एक गिरकी घ्यायची.

"काय करता तरी काय, मिस अर्डिथ?" वुडरो विचारायचा.

"सांगितलंय तेच करते. तुझ्यासारखी गुपचूप बिस्किटं नाही खात."

वुडरो लाल व्हायचा आणि पुढचा आठवडा नीट पाळायचा. तिला बघून बाकीचे टिकून होते, हे मला दिसत होतं. लीलंडलाही.

मेमध्ये, दहाव्या आठवड्यात, सगळ्यांचं रक्त तपासायला पाठवलं. बाकीच्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर होती तिथेच होती. अर्डिथची सात पॉइंट चारवरून आठ पॉइंट सहावर गेली होती. वजन बावीस पौंड कमी आणि साखर वर. मी कागद दोनदा पाहिला, नाव आणि जन्मतारीख ताडून बघितली. मग तिला आतल्या खोलीत बोलावलं.

"मिस अर्डिथ, खरं सांगा. लपूनछपून काय खाताय?"

"काही नाही गं पोरी."

"साखर वाढलीय. अशी आपोआप वाढत नाही."

"वाढली असेल. मी नाही वाढवली." तिचा चेहरा पडला. "परवा ओपलनं पीच कॉब्लर केला होता, लोणी-साखरेत भाजलेला. बहीण माझी, तिच्या हातचा कॉब्लर मी उभ्या जन्मात सोडलेला नाही. चमचासुद्धा लावला नाही मी. इच्छाच होत नाही. घास तोंडात नुसता फिरतो."

"मग गोड सरबत? थंड चहा? बसमध्ये पिता ना?"

"तू मला खोटारडी म्हणतेयस का, डेल्फिया?"

"मी काही म्हणत नाहीये. पण रक्त खोटं बोलत नाही."

तिनं पर्स उचलली. दाराशी गेल्यावर कमरेवर हात ठेवून थांबली. मी विचारलं, काय झालं? "पाठ. एकवीस वर्षं त्या सीटवर बसल्यावर दुखणारच." आणि गेली.

मी तिच्या फॉर्मवर लिहिलं : भूक कमी, अपेक्षित. पाठदुखी, जुनी. आहार पाळत नसावी. हे तीन शब्दप्रयोग माझ्या अक्षरात आहेत.

फॉर्मवर आणखी एक रकाना होता. कुणाचं वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या बाहेरच्या डॉक्टरांना कळवायचं, आणि ते 'अपेक्षित' की 'अनपेक्षित' यावर खूण करायची. अनपेक्षित असेल तर ते लगेच बघणार, अपेक्षित असेल तर वर्षाअखेरच्या गठ्ठ्यात. मी तो फॉर्म घेऊन लीलंडकडे गेले.

तो हसला. "मिस डेल्फिया, वजन उतरावं म्हणून तर एवढा खटाटोप. ते उतरलं म्हणून तक्रार कुणाकडे करायची?"

मीही हसले. साखरेचा कागद दाखवला तेव्हा त्यानं तो वाचला आणि म्हणाला, "खात असेल काहीतरी. बोला तिच्याशी."

"बोलले."

"मग झालं." मी 'अपेक्षित'वर खूण केली आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या.

सोळाव्या आठवड्यात अर्डिथ एकशे ऐंशी पौंडांवर आली. चौतीस पौंड! बाकीच्या अकराजणांचे मिळून बावीस झाले होते. लीलंडनं सगळ्यांची सरासरी काढली, ती पावणेपाच पौंडांच्या आसपास आली, आणि कागदावर ती फार छान दिसत होती. त्यानं प्रत्येकाला त्याच्या वजनाचा आलेख छापून दिला. ऑगस्टच्या मध्यावर मोठ्या अनुदानाचा अर्ज गेला. पहिल्याच पानावर ती सरासरी होती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी किराणा दुकानाबाहेर मला अर्डिथ दिसली. गाडीला टेकून उभी होती आणि दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत खाजवत होती. उन्हात तिचे डोळे दिसले. पांढरं असतं तिथे पिवळं.

"साबण बदललाय ओपलनं," ती म्हणाली. "अंगाला खाज सुटलीय नुसती."

"मिस अर्डिथ, माझ्या गाडीत बसा."

"अगं, माझं दूध…"

"दूध राहू दे. बसा."

इस्पितळात स्कॅन झाला. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतात पोचली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी शांतपणे विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"मार्चपासून," अर्डिथ म्हणाली. आवाजात अजून अभिमान होता. "विद्यापीठाच्या अभ्यासात होते मी. बाराजणांत पहिली आले."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी लीलंडच्या खोलीत मी सगळं सांगितलं. त्यानं अभ्यासाची फाईल उघडली. मग म्हणाला, "कॅन्सरचं निदान अभ्यास संपल्यावर झालंय. नियमानं ती अभ्यास पूर्ण केलेली बाई आहे. तिला सरासरीतून काढायचं कारण काय लिहू?"

"लीलंड, ते वजन तुझ्या चारच्या जेवणानं नाही उतरलं."

मी त्याला नावानं हाक मारली तेव्हा तो दचकला. खोलीत मी त्याला नेहमी डॉक्टरच म्हणायचे.

"थोडं त्यामुळेही उतरलं असेल. तुम्ही खात्रीनं सांगू शकता?"

"नाही. तू सांगू शकतोस?"

त्यानं कपाळ चोळलं. "तिला काढलं तर माणशी दोन पौंड उरतात. दोन पौंड माणूस सर्दी-पडशात उतरवतो. जूनमध्ये माझा करार संपतो, मिस डेल्फिया. हे अनुदान आलं तर इथे पाच वर्षं दवाखाना चालेल. दोन नर्सा, आहारतज्ज्ञ. या खोऱ्यात कुणी येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. म्हणून तर मी गप्प बसले. तो म्हणाला, मला विचार करू दे. अकरा दिवस त्याचा फोन आला नाही. त्या अकरा दिवसांत मी स्वतः पत्र लिहू शकले असते, विद्यापीठाचा पत्ता माझ्या टेबलावरच होता. मी लिहिलं नाही. खूण मी केली होती, आणि पत्रात ते लिहावं लागलं असतं.

बाराव्या दिवशी मी अर्डिथकडे गेले. ओपलनं दार उघडलं आणि ती फाटकाजवळच्या भाज्यांत काम करायला निघून गेली. अर्डिथ स्वयंपाकघरात बसली होती. तिचा आलेख तिनं फ्रिजवर चिकटवला होता.

"ये," ती म्हणाली. "डॉक्टरीण म्हणते सहा महिने, जमलं तर. बरं, मला एक सांग. माझी रेघ सगळ्यात उतरती आहे ना? त्याचा उपयोग होईल ना लोकांना? मी ओपलला तेच सांगत होते. निदान तेवढं तरी झालं."

हो म्हणणं सोपं होतं. तिच्याकडे बघून ते फार सोपं होतं.

"मिस अर्डिथ," मी म्हटलं, "ती रेघ आहाराची नाही. आजाराची आहे."

तिनं फ्रिजकडे पाहिलं.

"सगळी?"

"किती ते कुणालाच सांगता येणार नाही. बरीचशी."

"तुला कधी कळलं?"

"तुमचे डोळे पाहिले तेव्हा कळलं. पण शंका यायला हवी होती मेमध्ये. वजन खाली आणि साखर वर, हे चांगलं लक्षण नसतं. मी नर्स आहे, मला हे शिकवलंय."

"मेमध्ये तू मला खोटारडी ठरवलंस."

"हो."

"मी घरी येऊन रडले होते. साठीला आलेली बाई, एका कॉब्लरपायी रडले." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि बाकीचे? त्यांना सांगितलंस?"

"नाही अजून."

"वुडरो अजून चारला जेवतो. परवा फोन होता त्याचा. म्हणाला, तुमचं बघून मी सोडलं नाही. इन्सुलिनही कमी करतोय म्हणे, आपल्याच मनानं." तिनं टेबलावर तळवा आपटला. "जा. आधी त्यांना सांग. माझं नाव घेऊन सांग, मी परवानगी देते. आणि त्या स्टॅम्परच्या पोराला म्हणावं, माझ्याकडे येऊन जा."

मी त्याच दुपारी वुडरोकडे गेले. खरंच त्यानं इन्सुलिन अर्ध्यावर आणलं होतं. मशीन लावलं तर साखर तीनशेच्या वर. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यानं मशीन बाजूला सारलं. "म्हणजे आम्ही तिच्या कॅन्सरला टाळ्या वाजवत होतो," तो म्हणाला. मी त्याला इन्सुलिनचा पहिला डोस कागदावर लिहून दिला. दोन दिवसांत उरलेल्या दहाजणांकडे जाऊन आले. दोघांनी मला दारातूनच परत पाठवलं.

लीलंड अर्डिथकडे गेला. तासभर आत होता. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही. सोमवारी त्यानं अर्ज मागे घेतल्याचं पत्र पाठवलं आणि त्याची एक प्रत माझ्या टेबलावर ठेवली. त्यात खूण कुणी केली हे लिहिलेलं नव्हतं. 'आमच्याकडून चूक झाली' एवढंच लिहिलं होतं. मी पेन घेऊन खाली, खूण माझी म्हणून, माझं नाव लिहिलं, आणि त्यानं ते पान तसंच पुन्हा पाठवलं.

मोठं अनुदान आलं नाही. जूनमध्ये लीलंड ओहायोला गेला, तिथे एका दवाखान्यात रुग्ण तपासतो. जाण्यापूर्वी त्यानं एक दोन पानी अहवाल छापला. अकराजणांना फारसा फायदा नाही, आणि बाराव्या बाईचं वजन उतरत असताना साखर का चढत होती, त्याची हकिकत. पायलट अनुदान देणाऱ्यांनी फॉर्म बदलला. आता त्या रकान्यात 'अपेक्षित' हा पर्यायच नाही.

अर्डिथ जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गेली. मधल्या काळात दर गुरुवारी तिला केमोला मी न्यायचे. ओपलला गाडी येत नव्हती म्हणून, नाहीतर तिनं मला येऊ दिलं नसतं. वाटेत अर्डिथ फक्त रस्त्याबद्दल बोलायची. वळण आलं, हळू घे. ट्रकला जाऊ दे. मे महिन्याबद्दल ती पुन्हा एक शब्द बोलली नाही, आणि मी माफी मागितली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ऐकलं मी."

ती गेल्यावर मी त्या तरुण डॉक्टरीणबाईंना गाठलं. मेमध्येच कळलं असतं तर? पंधरा आठवडे आधी?

"त्या जातीच्या गाठीत बहुधा फरक पडत नाही," त्या म्हणाल्या.

"बहुधा?"

"बहुधा," त्या म्हणाल्या, आणि त्यांना पुढचा रुग्ण होता.

नोकरी मी सोडली नाही. आरोग्य केंद्रात अजून मंगळवारी वजनं होतात. गेल्या आठवड्यात एक बाई आली, नऊ पौंड उतरलेली, चेहरा नुसता फुललेला. टाळ्यांची वाट बघत ती काट्यावर उभी राहिली. मी विचारलं, भूक लागते का? पाठ दुखते का? साखर शेवटची कधी तपासली? तिचा चेहरा उतरला. उतरू दिला मी, आणि रक्त काढायला सुई घेतली.