अंगणातल्या जेवणाची यादी

सोमवारी सकाळी पाव आणायला म्हणून नोरीन जिना उतरली आणि टपालपेट्यांपाशी थबकली. भिंतीवर अंगणातल्या जेवणाची यादी लागली होती. दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या शनिवारी बर्लिनच्या मोआबीट भागातल्या त्या जुन्या इमारतीतली सगळी बिऱ्हाडं मागच्या अंगणात टेबलं जोडून एकत्र जेवायची. कुणी काय आणायचं ते यादीत लिहिलेलं असायचं. यंदाची यादी संगणकावर केलेली होती, कडेनं सूर्यफुलं.

'बटाट्याचं सॅलड: वेरेना, पहिला मजला.'

आणि त्याखाली, 'नोरीन, तिसरा मजला: तुमच्या देशातलं काहीतरी!' पुढे एक हसरा चेहरा.

"माझ्या देशातलं?" नोरीन एकटीच मोठ्यानं म्हणाली.

सत्तावीस वर्षांची असताना ती आयर्लंडहून एक सुटकेस घेऊन इथं आली. नाटक कंपनीच्या कपडेपटात शिवणकाम करायला. आता चौऱ्याहत्तर झाली होती. ती आली तेव्हा शहराच्या मधोमध भिंत होती आणि या जिन्यावरून कोळशाच्या बादल्या वर न्याव्या लागत. तळमजल्यावरच्या हेर्टा लुबिन्स्की बाईंनी अकरा वर्षं तिला 'अहो, तुम्ही' केलं. मग एका उन्हाळ्यात अंगणात दोन पेले भरले आणि म्हणाल्या, "आता मला नुसतं हेर्टा म्हण." त्या रात्री नोरीनला आनंदानं झोप लागली नव्हती. पुढे हेर्टा आजारी पडली, तेव्हा तिनं निळ्या फुलांचं मोठं भांडं नोरीनच्या हातात दिलं. "सॅलड आता तू कर." यादीही नोरीनकडेच आली. एकतीस वर्षं दोन्ही सांभाळलं. गेल्या हिवाळ्यात डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून फक्त यादी तिनं वेरेनाला दिली होती. सॅलड दिलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी राहायला आलेली ही मुलगी पहिल्याच दिवशी तिला 'अगं नोरीन' म्हणाली होती, तेही तिनं गिळलं होतं.

मंगळवारी ती याच इमारतीच्या मागच्या भागातल्या गीझेलाबरोबर तळ्यावर पोहायला गेली. दोघी गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या होत्या.

"मग कर की तुमचं ते मेंढीच्या मटणाचं कालवण," गीझेला म्हणाली. "भर जुलैत. सगळे घामाघूम होतील आणि तिची खोड मोडेल."

"तुला थट्टा सुचतेय."

"ती श्टुटगार्टची आहे, माहितेय ना? तिकडे बटाट्यात गरम रस्सा ओततात. मेयोनेझ नाही, काही नाही."

"रस्सा!"

"भांडं हलवलं की लाटा उठतात बघ."

नोरीन हसली नाही. बुधवारी कपडेपटातल्या जुन्या मैत्रिणी बिअरच्या बागेत जमल्या, तेव्हा तिनं तीच गोष्ट पुन्हा सांगितली. तोवर तिच्या सांगण्यात एका हसऱ्या चेहऱ्याचे तीन झाले होते. सगळ्या चवताळल्या, तिला बरं वाटलं. तेवढ्यात पेले घेऊन आलेल्या पोरानं विचारलं, "तुमचं बोलणं किती गोड आहे. कुठल्या तुम्ही?"

"मोआबीटची."

"नाही, मूळच्या?"

नोरीननं अर्धी बिअर तशीच ठेवली आणि घरी आली.

गुरुवारी दुपारी ती चौथ्या मजल्यावर नेर्मिनकडे चहाला गेली. नेर्मिन साठीची. कोपऱ्यावरच्या बेकरीत तीस वर्षं काढलेली. ती गच्चीत शेंगा निवडत बसली होती. नोरीननं सगळं पहिल्यापासून सांगितलं. नेर्मिन शेंगांचे देठ मोडत राहिली.

"तुझ्या नावापुढे काय लिहिलंय गं?" नोरीननं शेवटी विचारलं.

"वाचलं नाहीस?"

"माझ्याच ओळीवर डोळे अडकले."

"बोरेक. दरवर्षीसारखं." पातळ पाऱ्यांत पालक आणि चीज भरून भाजलेल्या त्या तुर्की बोरेकचा ट्रे दर उन्हाळ्यात पंधरा मिनिटांत रिकामा व्हायचा.

"ते सगळ्यांना आवडतं म्हणून."

"हो ना. तुझ्या देशातलं काहीतरीही आवडेल. म्हणून तर लिहिलं बिचारीनं." नेर्मिननं एक शेंग मोडली. "नोरीन, आधी यादी कोण लिहायचं?"

"मी."

"एकतीस वर्षांत एकदा तरी वर येऊन विचारलंस, की नेर्मिन, यंदा काय करतेस?"

"तू कधी बोलली नाहीस!"

"मी सहा वर्षांची असताना इथं आले. आई दिव्यांच्या कारखान्यात पाळीवर जायची, घरी आम्ही बटाटे उकडून खायचो. बोरेक मला येत नव्हतं, बाई. तुर्कस्तानात इझमितला आत्याला फोन करून शिकले. का? तू यादीत लिहिलं होतंस म्हणून."

नोरीनच्या कानशिलांना झळ लागली. "म्हणजे मी आणि ती पहिल्या मजल्यावरची एकाच माळेचे मणी?"

"तिनं निदान हसरा चेहरा तरी काढलाय."

नोरीन चहा तसाच टाकून उठली. जिना उतरताना तिला नेर्मिनचा राग आला. इतकी वर्षं मनात ठेवायचं आणि मग माणूस आधीच पोळलेलं असताना काढायचं, ही काय रीत झाली? शुक्रवारी सकाळपर्यंत तो राग टिकला. पण मग दात घासताना तिला आपलंच अक्षर आठवलं. हिरव्या शाईतलं, वळणदार. 'नेर्मिन: बोरेक.' एकतीस वेळा.

तिनं यादी भिंतीवरून ओरबाडली आणि वेरेनाचं दार वाजवलं.

"अगं नोरीन, काय झालं?"

"ही यादी चुकलीय. तू श्टुटगार्टचं सॅलड करणार, त्याला नुसतं सॅलड म्हणायचं. माझं मात्र देशातलं."

वेरेनाचा चेहरा लाल झाला. "मला वाटलं, तुला आवडेल. सगळ्यांनी आपापलं काही आणलं तर..."

"मी आपापलंच आणते. पेन दे."

तिनं आपल्या ओळीवर काट मारली आणि 'बटाट्याचं सॅलड' लिहिलं. मग नेर्मिनच्या ओळीतलं बोरेक खोडलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

"इथं काय लिहायचं?" वेरेनानं हळूच विचारलं.

"तिला विचारून."

"मी जाऊ विचारायला?"

"नको," नोरीन म्हणाली. "ते माझं राहिलेलं काम आहे."

चौथा मजला चढायला तिला दोनदा थांबावं लागलं. नेर्मिननं दार उघडलं आणि तिच्या हातातला कागद पाहिला.

"आज विचारतेस? उद्या जेवण आहे."

"आज विचारतेय."

"मग लिही. नेर्मिन जेवायला येणार."

शनिवारी नेर्मिन पांढरा झगा घालून रिकाम्या हातांनी अंगणात उतरली आणि मधल्या खुर्चीवर बसली. लोक एकेक करून टेबलाशी येत, झाकणं उचलून बघत आणि विचारत, "यंदा बोरेक नाही?" चौथ्यांदा कुणी विचारलं तेव्हा नोरीननं डाव भांड्यावर आपटला.

"नाही! ती तुमची आचारी नाही. ती जेवायला आलीय."

"मला कुणी सांगितलं असतं," गीझेला म्हणाली, "की असं नुसतं जेवायलाही येता येतं, तर मीही इतकी वर्षं टोमॅटो चिरले नसते."

नेर्मिननं वेरेनाचं रश्शातलं सॅलड खाल्लं, मान हलवली. मग नोरीनचं घेतलं. बराच वेळ चावत राहिली.

"यातलं सफरचंद जाड कापतेस," ती म्हणाली. "हेर्टा अगदी बारीक कापायची. दरवर्षी वाटतं सांगावं."

"हेर्टाचं तुला काय माहीत?"

"मला तिनंच तर शिकवलं. शाळा सुटली की तिच्या स्वयंपाकघरातच असायचे मी, आई येईपर्यंत. सफरचंद मी कापायचे. तू इथं यायच्या आधीची गोष्ट आहे ही."

नोरीन डाव हातात धरून उभी राहिली. निळ्या फुलांचं ते भांडं हेर्टानं तिला दिलं होतं, चौथ्या मजल्यावरच्या पोरीला नव्हे. का? तीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाईवर तिला असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि नोरीननं तेव्हा ते भांडं घेतलं होतं, मान ताठ करून, एकदाही वर न बघता.

"पुढच्या वर्षी सॅलड तू कर," ती म्हणाली. "भांडं उद्या आणून देते."

नेर्मिननं बशी पुढे केली.

"आधी अजून वाढ. आणि तोंड सरळ कर, मी जेवतेय."