मधली गाठ

"ही गाठ कुणी मारली?" सलीमनं दोर उचलून विचारलं.

दोराच्या मध्यावर वीतभर फास होता. विहिरीच्या काठावरून बसवराज उठला. "म्या. सकाळी."

"मला न विचारता?"

लातूरजवळच्या त्या गावात तीन दिवस नळाला पाणी नव्हतं. विहिरीतली मोटार बंद पडली होती, लोखंडी पायऱ्या गंजून गळाल्या होत्या. दोरानंच उतरावं लागणार होतं. सलीमची उभी हयात याच कामात गेली. पण आठ वर्षांपूर्वी किनवटकडच्या एका विहिरीत दोर तुटला आणि त्याचा धाकटा भाऊ मकबूल गेला. वर दोर धरायला बसवराज होता. यानंच काहीतरी केलं, हे सलीमच्या मनातून कधी गेलं नाही. आज नेहमीचा जोडीदार तापानं पडला म्हणून गावानं बसवराजला बोलावलं होतं.

सलीमनं फास ओढून पाहिला. जागचा हलला नाही.

"धडधाकट दोराला मधीच गाठ? काय लपवून राहिलास?"

"सोडा अन् पीळ उलगडून बघा."

सलीमनं गाठ सोडली, पीळ उलटा फिरवला. आतले धागे कुजून भुगा झाले होते.

"फासात घेतलं की तेवढ्या तुकड्यावर वजन येत न्हाई," बसवराज म्हणाला. "दुसरा दोर यायला सांज होईल."

"तुला कसं कळलं?"

"हातानं चाचपून. आता वीत न् वीत चाचपतो." त्यानं कुजक्या धाग्यांवर बोट ठेवलं. "त्या दिशी चाचपला न्हवता, सलीमभाई. वरून चांगला दिसला म्हून मकबूलला खाली सोडलं."

सलीम काठावर बसला. "आठ वर्षं बोलला न्हाईस?"

"दोनदा घरी आलतो. तुमी दार लावून घेतलं."

सलीमनं दोर त्याच्यापुढं टाकला. "बांध परत."

बसवराजनं पंजाभोवती दोराचे तीन वेढे घेतले, एक वेढा बाकीच्यांवरून नेऊन खालून ओढला. कुजका तुकडा नेमका फासात आला. सलीम त्याच्या बोटांवरची नजर हलवत नव्हता. दोघांनी दोन बाजूंनी ताणून पाहिलं.

सलीमनं टोक कमरेला बांधलं. बसवराजनं दोर काठावरच्या कडुलिंबाच्या बुंध्याला वेढा देऊन हळूहळू सोडला.

खाली मोटारीच्या ओट्यावर पाय टेकल्यावर सलीमनं कमरेची गाठ सोडली आणि वर पाहिलं. दोरावर आता कुणाचंच वजन नव्हतं. तरी बसवराजनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.