साडेचौदा पौंड

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे. पितळेची गोल चकती, वर काच आणि आत एक काटा, एवढाच माझा संसार. माझ्यावरचे आकडे पौंडांत आहेत. बाहेरची हवासुद्धा दर चौरस इंचाला साधारण साडेचौदा पौंडांनी दाबत असते, पण तिला मी मोजत नाही. मी शून्य दाखवतो तेव्हाही ती असतेच.

इस्पितळात पट्ट्या आणि कात्र्या वाफेने निर्जंतुक करणारे एक मोठे पिंप होते. त्याच्या डोक्यावर मी बसलो होतो. पिंप मिस्त्री सांभाळायचे आणि त्यांची बायको शेजारच्या टेबलावर पट्ट्यांच्या घड्या घालायची. काटा पंधरावर आला की मिस्त्री तिला चिडवायचे, हा तापला तरी पंधरावर थांबतो, तुझं काही सांगता येत नाही! माझी काच ते रोज शर्टाच्या बाहीने पुसत आणि बाहेरच्या हवेचे साडेचौदा पौंड हा मोजत नाही, असे तिला सांगत. फार सुखाचे दिवस होते ते.

मग नवे डॉक्टर आले. त्यांनी पुस्तक पाहून सांगितले, दाब दोन बार ठेवा. बार म्हणजे किती पौंड, एवढेच मिस्त्रींनी विचारून घेतले. एक बार म्हणजे साडेचौदा पौंड, दोनाचे एकोणतीस. पिंपाच्या दाराला एवढे झेपेल का, अशी शंका त्यांनी काढली. पण पुस्तकापुढे कोण बोलणार? काटा एकोणतीसवर गेला आणि दार उडाले. मिस्त्री दारासमोरच उभे होते.

चौकशी झाली. मिस्त्रींचा हिशेब चुकला, असे ठरवून सगळे मोकळे झाले. गेलेल्या माणसावर खापर फोडणे सोपे असते. मला पिंपाशी जोडणारी नळी कापली गेली. मिस्त्रींच्या बायकोने मला आपल्या टेबलासमोर खिळ्याला टांगले.

आता सांगतो ते तुम्हाला खरे वाटणार नाही. भर दुपारी, ती एकटी असताना, माझा काटा हलू लागला. आत वाफेचा टिपूस नाही, तरी तो एकोणतीसवर चढायचा आणि हळूहळू साडेचौदावर उतरून थरथरत राहायचा. पुन्हा वर, पुन्हा साडेचौदा. मी आवरू पाहिले, पण तो माझे ऐकेना. माझी मलाच भीती वाटू लागली. ती मात्र घडी अर्धवट टाकून टक लावून बघत बसायची. एकदा हळूच म्हणाली, "काय सांगायचंय तुम्हाला?"

काही महिन्यांनी दुसरीकडून तसलेच जुने पिंप आले. त्यावरचा मापक बारचा होता. काम तिच्या धाकट्या दिराला मिळाले आणि डॉक्टरांनी त्यालाही दोन बारच सांगितले. वाफ चढू लागली. नव्या मापकाने एकची खूण ओलांडली, तसा भिंतीवर माझा काटा एकोणतीस आणि साडेचौदा यांच्यामध्ये वेड्यासारखा आपटू लागला. वाफेच्या त्या खोलीत अचानक थंडी भरली. ती उठली.

"भाऊजी, वाफ बंद करा. त्या दोनात बाहेरची हवा धरलीय का, आधी विचारून या."

"वहिनी, डॉक्टरांना असं कसं विचारू?"

"तुमच्या दादांनी नाही विचारलं."

त्याने झडप फिरवली. डॉक्टर पुस्तक घेऊन आले, पान उलटले आणि पुढची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. दोनातला एक बार बाहेरच्या हवेचा होता. वाफेचा दाब एकच बार हवा होता, म्हणजे जवळपास मिस्त्रींचे रोजचे पंधरा पौंड.

माझा काटा शून्यावर आला. तो पुन्हा कधी हलला नाही. तिने तळहाताने माझी काच झाकली आणि ती मोकळेपणी रडली.

मित्रांनो, कोणी आकडा सांगितला तर तो कशाचा आणि कुठून मोजलेला, हे विचारून घ्या. विचारायला लाजू नका. मिस्त्रींचा गुणाकार अगदी बरोबर होता.